विश्लेषण : चेटकिणींची देवी की उंबरठ्याची राखणदार? ग्रीक देवता हेकाटेची ओळख कशी बदलत गेली?

हातात पेटत्या मशाली, पायाशी कुत्री आणि तीन दिशांना पाहणारे तीन चेहरे... हेकाटे ही प्राचीन ग्रीक देवता आज जगभर ‘चेटकिणींची देवी’ म्हणून ओळखली जाते. इंग्रजी उच्चाराप्रमाणे तिला हेकटी असेही म्हणतात. ‘हेडीस २’ या लोकप्रिय व्हिडीओ गेममध्ये ती नायिकेला जादू शिकवणारी गुरू आहे, तर रिक रायर्डन यांच्या ‘पर्सी जॅक्सन’ मालिकेतील २०२४ मध्ये आलेल्या कादंबरीचे कथानक तिच्याच भोवती फिरते. मात्र तिच्याविषयीचा सर्वात जुना सविस्तर मजकूर वाचला तर त्यात ना चेटूक सापडते, ना चंद्र, ना भुतेखेते. मग कोळी, गुराखी आणि लेकुरवाळ्या बायांना पावणारी ही देवता रात्रीच्या भीतीचे रूप कशी झाली? आणि या बदलाची झळ कोणाला बसली?

सर्वात जुन्या उल्लेखात काय आहे?

इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास हेसिअड या ग्रीक कवीने ‘थिऑगनी’ हे काव्य रचले. देवांच्या वंशावळीच्या या काव्यात हेकाटेला सुमारे ४० ओळी दिल्या आहेत. एका तुलनेने कमी परिचित देवतेसाठी हे प्रमाण मोठे आहे. हेसिअडच्या मते ती टायटन कुळातील पर्सीस आणि अस्टेरिया यांची एकुलती एक मुलगी. झ्यूसने टायटनांचा पराभव करून सत्ता मिळवली, तेव्हा जुन्या देवांपैकी अनेकांचे अधिकार गेले. हेकाटेचे मात्र एकही मानपान झ्यूसने काढून घेतले नाही, उलट वाढवले. पृथ्वी, समुद्र आणि आकाश या तिन्हींत तिचा वाटा कायम राहिला.

ती नेमके काय करते, याची यादी हेसिअड देतो. न्यायनिवाड्याला बसलेल्या राजांच्या शेजारी ती असते. सभेत बोलणाऱ्याला वजन मिळवून देते. युद्धात आणि खेळांत तिला वाटेल त्याला विजय देते. खवळलेल्या समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांच्या जाळ्यात भरपूर मासळी टाकते आणि मनात आले तर ती काढूनही घेते. हर्मीस या देवाबरोबर गुरे आणि शेळ्यामेंढ्यांचे कळप वाढवते. शिवाय लहान मुलांचे संगोपन करणारी, हीदेखील तिची ओळख आहे. थोडक्यात, रोजच्या जगण्यात यश आणि अपयश यांच्या मधल्या जागेवर उभी असलेली ही देवता आहे. तिला हाक मारली तर काम होते, पण तिची मर्जी गृहीत धरता येत नाही.

हेकाटे मुळात कुठली?

अनेक अभ्यासक तिचे मूळ आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला असलेल्या कॅरिया या प्राचीन प्रदेशात मानतात. त्याला मुख्य आधार आहे तो तिथल्या व्यक्तिनामांचा. देवाचे नाव मुलाला ठेवण्याची पद्धत तेथेही होती आणि हेकाटेच्या नावावरून आलेली नावे कॅरियात ठळकपणे दिसतात. ज्याच्या भव्य समाधीची गणना प्राचीन जगातील सात आश्चर्यांत होते, त्या मॉसोलस राजाच्या पित्याचे नाव हेकाटोम्नस होते. तिचे सर्वात मोठे मंदिरही कॅरियातच, लॅजिना येथे उभे राहिले. दुसरीकडे, अपोलोच्या ‘दुरून नेम साधणारा’ या अर्थाच्या ग्रीक विशेषणाशी तिच्या नावाचे नाते जोडणारे अभ्यासकही आहेत. याबाबत एकमत झालेले नाही.

उंबरठा आणि तिठा यांच्याशी तिचा संबंध काय?

ग्रीक नगरांत हेकाटेची जागा ठरलेली होती. वेशीपाशी, दरवाजासमोर आणि तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर. ‘दारापुढची’, ‘वाटेवरची’, ‘तिठ्याची’, ‘प्रकाश आणणारी’ आणि ‘किल्ली बाळगणारी’ या अर्थांची तिची विशेषणे ग्रीक साहित्यात आणि शिलालेखांत आढळतात. अथेन्समध्ये तर घरोघरी दाराबाहेर तिचे छोटे ठाणे असे. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या इसवी सनपूर्व ४२२ मधील ‘वास्प्स’ या नाटकात, एखादी गोष्ट दारोदारी असल्याचे सांगायला या ठाण्यांचीच उपमा दिली आहे. प्रेक्षकांना ती लगेच कळावी इतकी ही ठाणी सर्रास होती.

प्रसूती हाही एक उंबरठाच. एस्किलसच्या नाटकात बाळंतिणींवर लक्ष ठेवण्यासाठी आर्टेमिस-हेकाटेची प्रार्थना येते. मृत्यू हा दुसरा उंबरठा. डिमीटर देवीच्या प्राचीन स्तोत्रात पाताळाचा राजा हेडीस पर्सेफनीला पळवून नेतो, तेव्हा गुहेत बसलेल्या हेकाटेला तिची किंकाळी ऐकू येते. मुलीच्या शोधात वणवण फिरणाऱ्या डिमीटरकडे मशाल घेऊन जाणारी आणि जे ऐकले ते सांगणारी हीच. पर्सेफनी परत आल्यावर हेकाटे तिची कायमची सोबतीण होते. पाताळाशी तिचे नाते जुळते ते असे, एका हरवलेल्या मुलीची सोबत म्हणून.

मात्र राखणदाराच्या हातात दाराची दोन्ही कामे असतात. जो बाहेरचे बाहेर ठेवू शकतो, तो ते आतही सोडू शकतो. अकाली गेलेल्यांचे, अंत्यसंस्कार न झालेल्यांचे आत्मे रात्री भटकतात, अशी ग्रीकांची समजूत होती. त्यांना आवरणारी हेकाटे हळूहळू त्यांच्या झुंडीची म्होरकी मानली जाऊ लागली. पुढच्या सगळ्या बदलाचे बीज इथे आहे.

अमावस्येच्या रात्री तिठ्यावर काय ठेवले जाई?

ग्रीक महिना चांद्र होता आणि तो अमावस्येला संपे. त्या रात्री तिठ्यावर हेकाटेसाठी जेवण ठेवण्याची प्रथा होती. त्याला ‘हेकाटेचे रात्रीचे जेवण’ असेच नाव होते. घर शुद्ध करताना निघालेला केरकचराही तिठ्यावर टाकला जाई. मागच्या महिन्याचा मळ घराबाहेर काढायचा आणि नवा महिना स्वच्छ उंबरठ्याने सुरू करायचा, असा त्यामागचा विचार. काही विधींत तिला कुत्र्याचा बळीही दिला जाई. इतर बहुतेक ग्रीक देवतांना कुत्रा चालत नसे, त्यामुळे ही बाब तेव्हाही वेगळी वाटे.

या जेवणाचे पुढे काय होई, हे अ‍ॅरिस्टोफेनीसने इसवी सनपूर्व ३८८ मधील ‘प्लूटस’ नाटकात सांगून ठेवले आहे. श्रीमंत लोक दर महिन्याला हेकाटेसाठी जेवण पाठवतात आणि ते खाली ठेवण्याआधीच गरीब ते पळवतात, असे त्यातील एक पात्र म्हणते. विनोदाचा भाग सोडला तरी भीतीपोटी काढलेला घास भुकेल्याच्या पोटात जात होता, हे त्यातून दिसते.

तीन चेहरे कुठून आले?

हेकाटेची सर्वात जुन्या मूर्तींपैकी एक अथेन्समध्ये सापडलेली, इसवी सनपूर्व ६ व्या शतकातील भाजक्या मातीची छोटी मूर्ती आहे. ती आज बर्लिनमध्ये आहे. एगॉन नावाच्या भक्ताने ती हेकाटेला वाहिल्याचे त्यावर कोरलेले आहे. या मूर्तीला एकच चेहरा आहे. आसनावर शांत बसलेली ही स्त्री कोणत्याही ग्रीक देवीसारखी दिसते. नावच कोरले नसते तर ती हेकाटे आहे हे ओळखताही आले नसते.

तीन देहांची पहिली हेकाटे अल्कामेनीस या शिल्पकाराने घडवली, अशी नोंद इसवी सनाच्या २ ऱ्या शतकातील प्रवासवर्णनकार पॉसेनियस करतो. ही मूर्ती अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर, नाइकी देवीच्या मंदिराशेजारी म्हणजे गडाच्या प्रवेशमार्गावर होती. तिठ्यावर उभे राहून तिन्ही रस्त्यांवर एकाच वेळी नजर ठेवायची तर तीन चेहरे हवेत, इतका साधा तर्क त्यामागे असावा. इसवी सनपूर्व २ ऱ्या शतकातील प्रसिद्ध पर्गामन वेदीच्या शिल्पांत हीच त्रिरूप हेकाटे मशाल, तलवार आणि भाला घेऊन राक्षसाशी लढताना दिसते. रोमन लोकांनी तिला ‘ट्रिव्हिया’, म्हणजे तिठ्याची, असे नाव दिले. किरकोळ माहितीसाठी आज सर्रास वापरला जाणारा ‘ट्रिव्हिया’ हा शब्दही तिठा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आला आहे.

चंद्राशी नाते कसे जुळले?

ग्रीकांची चंद्रदेवता मुळात सेलीनी. हेकाटेकडे मशाली होत्या, रात्र होती आणि अमावस्येचा विधी होता. शिकारीची देवी आर्टेमिस हिच्याशी तिचे जुने साम्य होते आणि आर्टेमिसही कालांतराने चंद्राशी जोडली गेली. अशा रीतीने या तिघींच्या सीमा पुसट होत गेल्या. रोमन काळापर्यंत आकाशात चंद्रदेवता लूना, पृथ्वीवर डायना आणि पाताळात हेकाटे, ही एकाच शक्तीची तीन रूपे, अशी मांडणी रूढ झाली.

चंद्र आणि चेटूक यांची सांगड घालण्यात उत्तर ग्रीसमधील थेसाली प्रांताचा वाटा मोठा आहे. तेथील एनोडिया ही वाटांची देवी हेकाटेत मिसळून गेली होती. थेसालीच्या बायका मंत्राने चंद्र खाली ओढतात, अशी वदंता सर्व ग्रीसभर होती. इसवी सनपूर्व ४२३ मधील ‘क्लाउड्स’ नाटकातील कर्जबाजारी म्हातारा याच वदंतीवर एक योजना आखतो. थेसालीची एखादी चेटकीण विकत घ्यायची, चंद्र खाली उतरवून पेटीत बंद करायचा. चंद्र उगवलाच नाही तर महिना सरणार नाही आणि व्याजही द्यावे लागणार नाही!

अग्लाओनिकीची कथा मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील लेखक प्लूटार्क सांगतो की, थेसालीच्या या स्त्रीला चंद्रग्रहण कधी लागते याचे ज्ञान होते आणि आपणच चंद्र खाली ओढत असल्याचे ती इतर बायकांना पटवून देई. प्लूटार्क तिच्याकडे लबाडीचे उदाहरण म्हणून पाहतो आणि बायकांनी खगोलशास्त्र शिकले तर त्या असल्या गोष्टींना भुलणार नाहीत, असा सल्ला देतो. पण याच गोष्टीतून हेही कळते की ग्रहणाचा अंदाज बांधू शकणाऱ्या स्त्रीचे नाव परंपरेत टिकले ते खगोलाची जाणकार म्हणून नव्हे, तर चंद्र उतरवणारी म्हणून.

चेटकाची देवता ही ओळख केव्हा पक्की झाली?

इसवी सनपूर्व ५ व्या शतकातील अथेन्सच्या रंगभूमीवर. इसवी सनपूर्व ४३१ मध्ये सादर झालेल्या युरिपिडीसच्या ‘मेडिया’ नाटकात नवऱ्याने टाकलेली परदेशी नायिका सूडाची शपथ घेते ती हेकाटेच्या नावाने. सोफोक्लीसच्या ‘मुळे कापणाऱ्या’ अशा अर्थाच्या नाटकाचे आज काही तुकडेच उरले आहेत. त्यांत मेडिया पितळी विळ्याने वनस्पती कापते आणि हेकाटेला आवाहन केले जाते. पुढे इसवी सनपूर्व ३ ऱ्या शतकात अपोलोनियसने ‘आर्गोनॉटिका’ या महाकाव्यात मेडियाला थेट हेकाटेची पुजारीण केले. तिच्याच सांगण्यावरून नायक जेसन मध्यरात्री एकटा खड्डा खणून हेकाटेला बळी देतो आणि मागे वळून न पाहता परततो.

इथे ‘फार्माकॉन’ हा ग्रीक शब्द महत्त्वाचा आहे. औषध, विष आणि मंतरलेले द्रव्य, या तिन्हींसाठी हा एकच शब्द होता. त्यामुळे झाडपाल्याची माहिती असलेली बाई उपचार करते, घात करते की चेटूक करते, हे शब्दावरून ठरत नसे. ते ठरे ऐकणाऱ्याच्या संशयावर. याच काळात शिशाच्या पातळ पत्र्यावर शत्रूचे नाव कोरून तो थडग्यात किंवा विहिरीत टाकण्याची प्रथा ग्रीसमध्ये होती. कोर्टातील प्रतिपक्ष, व्यवसायातील स्पर्धक, प्रेमातील वाटेकरी यांची जीभ आणि हातपाय ‘बांधून’ टाकण्यासाठी पाताळाच्या देवांना साकडे घातले जाई. त्यात हर्मीस आणि पर्सेफनीबरोबर हेकाटेचेही नाव येते. हे पत्रे टाकणारे केवळ रानावनातले मांत्रिक नव्हते, सामान्य नागरिकही होते.

या भीतीची झळ कोणाला बसली?

सर्वात आधी आजाऱ्यांना. इसवी सनपूर्व ५ व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला ‘पवित्र आजाराविषयी’ हा ग्रंथ हिपोक्रेटीसच्या परंपरेत जपला गेला. त्याचा विषय अपस्मार, म्हणजेच फेफरे. रुग्ण रात्री घाबरून उठतो, भ्रमात बडबडतो, अंथरुणातून उडी मारून बाहेर पळतो, तेव्हा शुद्धीकरण करणारे लोक त्याला हेकाटेचा झपाटा म्हणतात, अशी तक्रार हा लेखक करतो. हा आजार इतर आजारांपेक्षा अधिक पवित्र नाही, त्याचे कारण मेंदूत आहे आणि ज्यांना उपचार ठाऊक नाहीत त्यांनीच अज्ञान झाकण्यासाठी देवाचे नाव पुढे केले, असे तो ठामपणे मांडतो. सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद वैद्यकाच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो.

दुसरी झळ बसली ती संशयितांना. थिओरिस ही लेम्नॉस बेटाची स्त्री इसवी सनपूर्व ४ थ्या शतकात अथेन्समध्ये राहत होती. औषधे आणि मंत्र यांचा उल्लेख करत तिला कुटुंबासह ठार करण्यात आल्याचे डिमॉस्थनीसच्या नावावर असलेल्या एका भाषणात म्हटले आहे. दुसऱ्या जुन्या लेखकांत कोणी तिला भविष्य सांगणारी म्हणतो, कोणी पुजारीण. तिने हेकाटेची उपासना केल्याचा उल्लेख कुठेही नाही. पण रंगमंचावर मेडियाने जे केले त्याला टाळ्या मिळाल्या, त्याच शहरात औषध देणारी, परगावची बाई न्यायालयासमोर उभी राहिली तेव्हा तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले असेल, याची कल्पना करता येते.

याच काळात मंदिरांत काय चालले होते?

साहित्यात हेकाटे भयंकर होत असताना शिलालेखांतील हेकाटे मात्र नगराचे रक्षण करत होती. कॅरियातील लॅजिना येथे इसवी सनपूर्व २ ऱ्या शतकाच्या अखेरच्या सुमारास तिचे देखणे मंदिर उभे राहिले. तेथून जवळच्या स्ट्रॅटोनिकिया नगरापर्यंत दरवर्षी ‘किल्लीची मिरवणूक’ निघे आणि देवीची किल्ली वाहण्याचा मान एका मुलीला मिळे. रोमशी इमान राखल्याबद्दल इसवी सनपूर्व ८१ मध्ये रोमन सिनेटने या नगराचे विशेषाधिकार मान्य केले. त्यात या मंदिराच्या आश्रयस्थान म्हणून असलेल्या दर्जाचाही समावेश होता. म्हणजे हेकाटेच्या दारात आलेल्याला कोणी हात लावू शकत नव्हते. १८९१-९२ मध्ये उस्मान हमदी बे यांनी येथे उत्खनन केले. तुर्कस्तानातील पुरातत्त्वाच्या इतिहासात ते महत्त्वाचे मानले जाते. मंदिराच्या शिल्पपट्ट्या आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

इस्तंबूलचीही एक आख्यायिका आहे. इसवी सनपूर्व ३४० मध्ये मॅसेडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने या शहराला, म्हणजे तेव्हाच्या बायझँटियमला वेढा घातला. एका अंधाऱ्या रात्री हल्ला होणार तोच आकाशात उजेड पडला, कुत्री भुंकू लागली आणि नागरिक जागे झाले. त्यांनी कृतज्ञतेपोटी मशाल घेतलेल्या हेकाटेची मूर्ती उभारली, असे खूप नंतरचे लेखक सांगतात. कथा खरी असो वा नसो, अंधारात उजेड दाखवणारी आणि कुत्र्यांकरवी घरच्यांना सावध करणारी हेकाटे लोकांच्या मनात टिकून होती, हे त्यातून कळते. इसवी सनाच्या २ ऱ्या शतकातील ‘खाल्डियन ओरॅकल्स’ या गूढ काव्यसंग्रहात तर ती परमतत्त्व आणि सृष्टी यांच्यामधला दुवा ठरली. तिथेही तिची जागा दोन जगांच्या मधोमधच आहे.

मग आजची प्रतिमा कोणी घडवली?

ख्रिस्ती धर्म स्थिरावल्यावर लॅजिनासारखी मंदिरे ओस पडली. मिरवणुका थांबल्या, शिलालेख मातीखाली गेले. उरले ते साहित्य आणि त्यातील मेडियाची हेकाटे. १५ व्या ते १८ व्या शतकांत युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून ४० ते ६० हजार जणांना मृत्युदंड दिला गेला, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. याच काळातील शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये हेकाटे चेटकिणींची मालकीण म्हणून रंगमंचावर येते. १६२३ मध्ये छापल्या गेलेल्या या नाटकातील तिचे प्रवेश थॉमस मिडलटन या दुसऱ्या नाटककाराने नंतर घातले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. तरीही इंग्रजी वाचणाऱ्या जगाने लक्षात ठेवली ती हीच हेकाटे.

२० व्या शतकात तिचे आणखी एक रूप तयार झाले. कुमारी, माता आणि वृद्धा अशा तीन अवस्थांची देवी ही कल्पना ब्रिटिश कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या १९४८ मधील ‘द व्हाइट गॉडेस’ या पुस्तकाने लोकप्रिय केली. आधुनिक विक्का पंथाने हेकाटेला त्यात वृद्धेचे स्थान दिले. प्राचीन मूर्तींत मात्र तिचे तिन्ही चेहरे सारख्याच वयाचे, तरुण स्त्रीचे आहेत. खगोलशास्त्रज्ञांनी तिचे नाव वापरले ते वेगळ्याच कारणाने. १८६८ मध्ये जेम्स वॉटसन यांनी शोधलेल्या लघुग्रहाचा क्रमांक १०० होता आणि शंभरसाठीचा ग्रीक शब्द ‘हेकाटोन’. त्यामुळे ‘१०० हेकाटे’ हे नाव त्याला चपखल बसले.

यातून काय दिसते?

हेकाटेच्या हातातील वस्तू अडीच हजार वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत. मशाल, किल्ली, सोबतीला कुत्रा. बदलला तो त्यांचा अर्थ. घरच्यांसाठी मशाल ही वाट दाखवणारी होती, पुढे ती अघोरी विधीचा उजेड झाली. कुत्रा राखण करणारा होता, तो भुतांची चाहूल देणारा झाला. झाडपाल्याची माहिती उपचारासाठी होती, ती चेटकाचा पुरावा ठरली. मंदिरातील देवीला याने काही फरक पडला नाही. फरक पडला तो झपाटलेला म्हणून उपचाराविना राहिलेल्या रुग्णाला आणि थिओरिससारख्या बायांना. लॅजिनाच्या मंदिरात आश्रयाला येणाऱ्याला हेकाटेच्या नावाने अभय मिळत होते. तेच नाव पुढे ज्या प्रतिमेशी जोडले गेले, त्या प्रतिमेच्या संशयावरून युरोपात माणसे मारली गेली.